जिथून तक्रार येत नाही, तिथे तपासणी हवी

‘आता घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा.’ शेवटच्या स्टेजच्या कर्करुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य ऐकवले जाते आणि रुग्णालयाची जबाबदारी तिथे संपते. दुखणे मात्र संपलेले नसते. त्या दिवसापासून मृत्यूपर्यंत कधी पंधरा दिवस जातात, कधी सहा महिने. वेदना वाढत जाते, जखम वाहू लागते, धाप लागते, रात्र रात्र डोळा लागत नाही. घरातल्यांना नोकरी सोडता येत नाही आणि माणसाला एकटे टाकता येत नाही. मग शोध सुरू होतो. कुणी ओळखीतून नंबर मिळवतो, कुणी जाहिरात पाहून फोन करतो. ‘हॉस्पिस’, ‘पॅलिएटिव्ह केअर सेंटर’, ‘शुश्रूषा केंद्र’ अशी पाटी दिसली की आपण आपले माणूस तिथे नेऊन ठेवतो. तिथली सेवा चांगली की वाईट, हे ठरवायचे कशावरून? दोन खोल्यांची सदनिका घेताना आपण महारेराचा क्रमांक मागतो. आई-वडिलांचे शेवटचे दिवस ज्यांच्या हाती सोपवतो, त्यांच्याकडे आपण काय मागतो?

महाराष्ट्रात निष्ठेने काम करणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनच हे लिहीत आहे. दुःख याचे आहे की अशी संस्था कोणती आणि नुसत्या पाटीची कोणती, हे सामान्य नागरिकाला कळण्याची काहीही सोय आपण केलेली नाही. ती सोय का हवी आणि कशी करता येईल, ते मुद्द्यांनी मांडत आहे.

१. तक्रार करणारा इथे उरतच नाही

इतर रुग्णालयात हयगय झाली तर रुग्ण बरा होऊन जाब विचारू शकतो, ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. इथे रुग्ण बोलत्या अवस्थेत आला, तरी थोड्याच दिवसांत त्याचा आवाज कायमचा बंद होतो. मागे राहिलेली माणसे दुःखात असतात, खर्चाने पिचलेली असतात, आणि ‘आपण त्याला घरी ठेवू शकलो नाही’ ही टोचणी त्यांना असते. ‘सुटला बिचारा’ एवढे म्हणून विषय मिटतो. आणि ‘पेशंट जाणारच होता’ हे उत्तर तर प्रत्येक हलगर्जीपणावर तयारच असते. मृत्यू टळणारा नव्हता, मान्य. पण त्याआधीच्या कित्येक रात्रींची तडफड टळणारी होती की नाही? हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, म्हणून त्याचे उत्तर द्यायची वेळ कोणावर आली नाही. जिथे रुग्ण बोलू शकत नाही आणि नातेवाईक बोलत नाहीत, तिथे तपासणीचे काम समाजाने आणि शासनाने अंगावर घेतलेच पाहिजे. दुसरे कोणी ते करणार नाही.

२. ‘माया मोजता येत नाही’ ही सबब चालणार नाही

हा विषय काढला की सांगितले जाते, सेवाभाव मोजायचा कसा? ज्यांनी हॉस्पिसची चळवळ उभी केली, त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. शरीर, मन, घरची चिंता आणि श्रद्धा या चारही अंगांनी माणूस दुखावतो, म्हणून चारही अंगांनी त्याच्याकडे पाहिले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आणि या मायेला नोंदी, औषधाच्या ठरलेल्या वेळा व संशोधन यांची जोड दिली. भारतात हा विचार रुजला तो आपल्याच मुंबईत. डॉ. लुइस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. ते देशातले पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्यांनी ही सेवा नेली. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून चालू आहे. भारतातल्या संस्थांसाठी किमान निकषांची यादीही तज्ज्ञांनी तयार केली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे वाट आखलेली आहे, तिच्यावरून चालून दाखवणारेही आहेत. देशातले पहिले हॉस्पिस ज्या राज्यात उभे राहिले, त्या राज्याने ‘आमच्याकडे मोजमाप नाही’ म्हणावे, हे शोभणारे नाही.

३. पहिला प्रश्न: मॉर्फिन आहे का?

इमारत, बाग, प्रार्थनेची खोली हे सगळे नंतर. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगभर मानले गेलेले औषध आहे. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: सौम्य दुखण्याला साधी औषधे, त्यापुढे कोडीनसारखी, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. तेही रुग्ण कण्हू लागण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम चारेक तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यावी लागते. सोबत बद्धकोष्ठतेवरचे औषधही द्यावेच लागते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि निरनिराळ्या खात्यांच्या परवान्यांच्या जाचाला कंटाळून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा बदलला. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते.

कायद्याची अडचण गेली. मग मॉर्फिन नसण्याचे कारण काय उरले? मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. ज्या देशात हे पीक निघते, त्याच देशातला रुग्ण पॅरासिटामॉलच्या गोळीवर तळमळत राहतो, हे आपण कसे सहन करतो? ‘मॉर्फिनची सवय लागेल’ ही भीती अजून घराघरांत आहे आणि काही डॉक्टरांतही आहे. वेदनेच्या प्रमाणात, जाणकाराच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन माणसाला माणसात ठेवते; तो बसतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. म्हणून कोणत्याही संस्थेच्या दारात उभे राहून विचारा: मॉर्फिनसाठी मान्यता आहे का? आज साठा आहे का? वेदनेचा शून्य ते दहा असा आकडा दिवसातून किती वेळा विचारता आणि कुठे लिहिता? दाखल होताना आठ असलेला आकडा दोन दिवसांनी किती होता, ते दाखवाल का? ज्या जागी या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिला हॉस्पिस म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

४. रात्री दोन वाजता तिथे कोण आहे?

दुपारी चार वाजता भेटीच्या वेळेत सगळीकडेच लगबग दिसते. वेदना, धाप, भ्रम आणि घाबरेपणा यांचा जोर वाढतो तो रात्री. त्या वेळी मजल्यावर नोंदणीकृत परिचारिका आहे, की दिवसभर राबून थकलेली एकटी मावशी? मावशींना कमी लेखण्याचा हेतू नाही. शेवटच्या दिवसांत रुग्णाला सर्वांत जास्त हात लागतो तो त्यांचाच. पण औषधाचा डोस वाढवायचा का, ऑक्सिजन लावायचा का, हे त्यांनी ठरवावे अशी वेळ त्यांच्यावर आणणे हा रुग्णावर आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. डॉक्टर रोज येतात की आठवड्यातून एकदा? त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतले आहे का? रात्री फोन केला तर तो उचलतात का? नर्सिंग कौन्सिलची नोंदणी किती जणींकडे आहे? कर्मचाऱ्यांना पगार वेळेवर मिळतो का? रोज मृत्यू पाहणाऱ्या या माणसांचे मन सांभाळायला कोणी आहे का? हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतात, पण रुग्णाचे सुखदुःख यांवरच ठरते. पाहुण्यांच्या वेळेत दाखवलेल्या सेवेला गुण देऊ नका. संस्थेची खरी किंमत रात्रपाळीत कळते.

५. अंथरुणाजवळ जाऊन पाहा

चांगली शुश्रूषा शरीरावर दिसते, आणि हयगयही शरीरावरच दिसते. एका कुशीवर पडून राहणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही की पाठ आणि कंबर उघडी पडते, जखमा हाडापर्यंत जातात. तोंड कोरडे पडते. ते ओल्या बोळ्याने पुन्हा पुन्हा पुसावे लागते, नाहीतर फोड येतात आणि पाणीही गिळवत नाही. तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगात जखम उघडी असते, तिला दुर्गंधी येते, माश्या बसल्या तर किडे पडतात. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या राज्यात तोंडाचा कर्करोग कुणाला नवा आहे? या दुर्गंधीवर औषध आहे, ड्रेसिंगची पद्धत आहे. त्याअभावी सख्खी माणसे चार हात लांब उभी राहतात आणि रुग्ण जिवंतपणीच वाळीत पडतो. लघवीची पिशवी कधी बदलली, नाकातली नळी कधी घातली, पाठीची तपासणी शेवटची कधी झाली, याची नोंद पलंगाजवळ असली पाहिजे. किती रुग्णांना इथे आल्यानंतर पाठीच्या जखमा झाल्या, हा आकडा प्रत्येक संस्थेने दर महिन्याला जाहीर करावा. ज्या संस्थेला तो आकडा सांगता येत नाही, तिने पाठी तपासलेल्याच नाहीत.

६. गुंगीला शांतता समजू नका

काही ठिकाणी गेले की सगळे रुग्ण निपचित पडलेले दिसतात आणि नातेवाइकांना वाटते, किती शांत आहे इथे! ही शांतता वेदना गेल्यामुळे आहे की झोपेच्या औषधामुळे? शेवटच्या काही तासांत, दुसरा कोणताही उपाय उरला नसताना, रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या संमतीने गुंगी देणे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. पण कर्मचारी कमी आहेत, रुग्ण ओरडतो, शेजारच्यांची झोपमोड होते, म्हणून त्याला झोपवून ठेवणे ही सोय झाली. तिला उपचार म्हणता येणार नाही. हात पलंगाला बांधून ठेवणे याहून वाईट. गुंगीचे औषध का दिले, कोणी सांगितले, कोणाला विचारले, किती वेळासाठी, हे लिहिलेले नसेल तर ते औषध रुग्णासाठी दिलेले नाही, व्यवस्थेच्या सोयीसाठी दिलेले आहे.

७. निर्णय रुग्णाचा आहे, हे संस्थेला मान्य आहे का?

‘त्यांना काही सांगू नका’ हे आपल्या घरांतले नेहमीचे वाक्य. त्यामागे प्रेम असते, यात शंका नाही. पण त्या प्रेमापोटी माणसाला स्वतःच्या मरणाबद्दल एक शब्द बोलता येत नाही. जमिनीचे कागद, मुलीचे लग्न, दुरावलेला भाऊ, सगळे मनात तसेच राहते. चांगल्या संस्थेत समुपदेशक असतो. तो घरच्यांशी बोलतो, रुग्णाला किती कळून घ्यायचे आहे ते हळूहळू जाणून घेतो आणि मगच पुढे जातो. कायदाही आता रुग्णाच्या बाजूने उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली; जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. मुंबईच्या ज्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग यांनी ४२ वर्षे अंथरुणावर काढली, ते रुग्णालय असलेल्या राज्यात हा विषय परका मानायचे कारण नाही. दाखल करून घेताना संस्था इच्छापत्राबद्दल विचारते का? श्वास थांबला तर व्हेंटिलेटरसाठी दुसऱ्या रुग्णालयात न्यायचे की नाही, हे आधी ठरवते का? कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसाला त्याच्या श्रद्धेप्रमाणे, किंवा कोणत्याही श्रद्धेशिवाय, जाता येते का? रुग्णाला न विचारता केलेली सेवा कितीही मायेची असली, तरी तिच्यात सन्मान नसतो.

८. हिशेब उघडा हवा, आणि दानावर चालणाऱ्यांचाही

खासगी केंद्रांत दिवसाचा दर सांगितला जातो. डायपर, ऑक्सिजन, ड्रेसिंग, खास मावशी यांचे बिल नंतर येते. घाईत आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना घासाघीस करण्याचे बळ नसते, हे समोरच्यालाही ठाऊक असते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही आहे. या गोष्टी भिंतीवर लावलेल्या दिसतात का, ते पाहा. दुसरीकडे अनेक उत्तम संस्था एक पैसाही न घेता काम करतात. त्यांच्यापुढे आपण कृतज्ञतेने हात जोडतो आणि तिथेच थांबतो. पण दान समाजाचे आहे आणि करसवलतीतून जाणारा पैसाही समाजाचाच आहे. फुकट मिळते म्हणून काय मिळते ते विचारायचे नाही, हा संकेत गरिबांच्या मुळावर येतो. कारण निवड करण्याची ऐपत त्यांना नसते. सेवा विनामूल्य असेल, पण उत्तरदायित्वातून कोणालाच माफी नको.

९. घरपोच सेवेचीही परीक्षा घ्या

बहुतेकांना आपल्या घरात, आपल्या माणसांत डोळे मिटायचे असतात. म्हणून हॉस्पिसचे मोठे काम चार भिंतींबाहेर आहे: परिचारिका घरी येणे, औषध पोहोचवणे, सुनेला किंवा मुलाला ड्रेसिंग शिकवणे, फोनवर धीर देणे. या सेवेचे गुण कसे ठरवायचे? फोन केल्यापासून किती तासांत कोणी आले, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणी भेटले का, औषध संपण्याआधी पोहोचले का, घरी मृत्यू झाला तेव्हा कारणाचा दाखला द्यायला डॉक्टर आले का, यांवर. हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण प्रेत घरात ठेवून दाखल्यासाठी पहाटे दारोदार फिरणाऱ्याला विचारा तो किती मोठा आहे.

शहराबाहेर तर परीक्षा घ्यावी अशी सेवाच जवळपास नाही. नंदुरबारच्या पाड्यावरच्या किंवा गडचिरोलीच्या खेड्यातल्या रुग्णाने वेदनेची गोळी आणायला मुंबई-नागपूर गाठायचे का? राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेचा उल्लेख आला, आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत ती धरली गेली. कागद भरपूर झाले. केरळने १९९३ मध्ये कोझिकोडला छोटी सुरुवात केली, शेजारपाजारचे स्वयंसेवक उभे केले, २००८ मध्ये धोरण केले आणि पंचायतींना या कामात उतरवले. म्हणून तिथे परिचारिका दारापर्यंत जाते. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने अखेरच्या दिवसांतील सेवेची पाहणी केली, तेव्हा २०१० मध्ये ४० देशांत भारत शेवटचा होता आणि २०१५ मध्ये ८० देशांत ६७ वा. आपल्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरच्या किती खाटा आहेत आणि मॉर्फिन किती दिवस शिल्लक नव्हते, हे सरकारने दर तिमाहीला सांगावे. खासगी केंद्रांना जाब विचारण्याआधी सरकारने स्वतःची नोंदवही उघडावी, तरच त्या जाबाला वजन येईल.

१०. मागे राहिलेल्यांना विचारा

रुग्ण गेला, पण पाहणारे आहेत. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पैशाने चालणाऱ्या हॉस्पिसच्या बाबतीत मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी नातेवाइकांना प्रश्नावली जाते. मदत वेळेवर मिळाली का, वेदना आणि धाप यांवर पुरेसा उपाय झाला का, रुग्णाला मानाने वागवले का, तुम्हाला धीर दिला का, असे साधे प्रश्न. संस्थावार निकाल सर्वांसाठी जाहीर होतात. तिथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. २०१२ ते २०१६ या काळात तपासलेल्या हॉस्पिसपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी किमान एक तरी त्रुटी आढळली, असे तिथल्या सरकारी महानिरीक्षक कार्यालयाने २०१९ मध्ये सांगितले. हे वाचून ‘पाहा, तिकडेही असेच’ म्हणून समाधान मानायचे का? तिथे तपासले म्हणून सापडले. आपल्याकडे नातेवाइकांच्या मनात जे साठले आहे, ते विचारणारे कोणी नाही. महिन्या-दोन महिन्यांनी केलेला एक फोन पुरेल. त्या फोनने सुतकातून सावरणाऱ्या घराला आधारही मिळेल. आपल्या हातून गेलेल्या रुग्णाच्या घरी जी संस्था पुन्हा फोन करत नाही, तिने सेवा अर्धीच केली आहे.

११. परवाना कशाचा आणि तपासतो कोण?

कोणती जागा शुश्रूषागृह म्हणून नोंदलेली आहे, कोणती ट्रस्ट म्हणून, कोणती वृद्धाश्रम म्हणून, हे पाटीवरून कळत नाही. शुश्रूषागृहाचा परवाना देताना खाटा, जागा, कर्मचारी आणि अग्निशमन पाहिले जाते. वेदना किती कमी झाली, हे पाहण्याचा रकाना त्या अर्जात नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आमचा १९४९ चा कायदा आहेच, असे सांगितले जाते. ठीक आहे, मग त्याच कायद्याच्या नियमांत हॉस्पिस आणि घरपोच पॅलिएटिव्ह सेवा यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण का नको? महापालिकेचा आरोग्य विभाग, जिल्हा शल्यचिकित्सक, अन्न व औषध प्रशासन आणि धर्मादाय आयुक्त, चौघांचा थोडा थोडा संबंध असल्याने पूर्ण जबाबदारी एकाचीही नाही. चार खात्यांच्या मधल्या फटीत माणूस मरतो, आणि चारही खाती आपापल्या जागी निर्दोष राहतात.

१२. ‘नियम कडक केले तर संस्था बंद पडतील’

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आधीच संस्था मूठभर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगभरात या सेवेची गरज असणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. अशा वेळी तालुक्याच्या गावी पाच खाटांवर जिव्हाळ्याने काम करणाऱ्यांना कागदांच्या ढिगाखाली गाडायचे का? मुळीच नाही. २०१४ च्या निकषांतच यावर तोडगा आहे: अत्यावश्यक गोष्टी वेगळ्या, असल्यास उत्तम अशा गोष्टी वेगळ्या. मॉर्फिन, प्रशिक्षित डॉक्टर-परिचारिका, वेदनेची नोंद, रात्री उत्तर देणारा माणूस आणि दरपत्रक, एवढे अत्यावश्यक धरा. वातानुकूलन, मोठा हॉल, संगणकीय नोंदी यांना नंतर गुण द्या. जिथे अत्यावश्यक गोष्टी कमी पडतात, तिथे आधी प्रशिक्षण आणि औषध द्या, मुदत द्या, मग कारवाई करा. मॉर्फिन हे महागडे औषध नाही आणि पाठ तपासायला यंत्र लागत नाही. किमान निकषांनी चांगल्या संस्था बुडत नाहीत. त्यांच्या नावावर आपली दुकाने चालवणारे मात्र उघडे पडतात.

नागरिकहो, आपल्यापैकी प्रत्येक घराला कधी ना कधी ही सेवा लागणार आहे. म्हणून मागण्या नेमक्या असू द्या. शुश्रूषागृह नियमांत हॉस्पिससाठी स्वतंत्र प्रकरण. मॉर्फिनची मान्यता असलेल्या संस्थांची जिल्हावार यादी, साठ्यासह, सर्वांना पाहता येईल अशी. वेदना, पाठीच्या जखमा, रात्रपाळीचे मनुष्यबळ आणि तक्रारी यांचे आकडे दर तिमाहीला जाहीर. मृत्यूनंतर नातेवाइकांची पाहणी, संस्थेने स्वतः न करता तटस्थ यंत्रणेकडून. आणि प्रत्येक जिल्ह्यात या सगळ्याला जबाबदार असा एक अधिकारी, ज्याचे नाव आणि फोन प्रत्येक संस्थेच्या दारावर लिहिलेला असेल. यांपैकी एकही मागणी खर्चाच्या डोंगराची नाही. पुढच्या ग्रामसभेत, प्रभाग समितीत, आमदारांच्या भेटीत हा विषय काढा. डॉक्टर असाल तर मॉर्फिनचे प्रशिक्षण घ्या. देणगी देत असाल तर देणगीसोबत हे प्रश्नही द्या. आपले माणूस ठेवायला जाल, तेव्हा संकोच न करता वही काढून विचारा आणि उत्तरे लिहून घ्या.

जन्माच्या वेळी माता आणि बाळ दगावू नये म्हणून या राज्याने नोंदी केल्या, आकडे मागितले, अधिकाऱ्यांना जबाबदार धरले, आणि त्याचा उपयोग झाला. मरणाच्या वेळी माणूस तळमळू नये म्हणून तेवढीच शिस्त मागणे हा आपला हक्क आहे. आपण तो मागितला नाही, तर उद्या आपल्या वेदनेचाही हिशेब कुणी मागणार नाही.